डिलीट केलं, पण गेलं कुठे?

जुना लॅपटॉप विकायचा ठरला की आपण फोटो डिलीट करतो, रिसायकल बिन रिकामी करतो आणि निर्धास्त होतो. आधार-पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, मुलांचे दाखले, ऑफिसच्या फायली मात्र बहुतेक वेळा लॅपटॉपसोबतच नव्या मालकाच्या घरी पोचतात. जुन्या डिस्क आणि राउटरमधून आजवर काय काय बाहेर आलं, खरं पुसणं कशाला म्हणतात आणि आपण काय करायचं, याचा हा झटपट फेरफटका. वाचताना एकच सूत्र लक्षात ठेवा: वस्तू हातातून सुटण्याआधी पुसा, आणि पुसलं गेलंय का तेही तपासा.

१. डिलीट केल्यावर जातं एक अक्षर

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर वर्षानुवर्षं चालत आलेली ‘फॅट’ ही फायली ठेवण्याची पद्धत घ्या. तिच्यात प्रत्येक फाइलची एका यादीत नोंद असते: नाव काय, आकार किती, मजकूर कुठून सुरू होतो. फाइल डिलीट केली की यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर पुसून तिथे एक ठरावीक खूण टाकली जाते आणि तिची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. मजकुराला कुणी हातही लावत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून घर रिकामं होत नाही, तसंच हे. एमएस-डॉसच्या जमान्यातली ‘अनडिलीट’ ही आज्ञा फाइल परत आणताना एवढंच विचारायची: पहिलं अक्षर कोणतं होतं? ते टाइप केलं की फाइल हजर. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर जुना मजकूर तिथेच मुक्कामाला असतो.

२. ‘क्विक फॉरमॅट’ नावाप्रमाणेच घाईचा

क्विक फॉरमॅट काही सेकंदांत संपतो, कारण तो फक्त नवी कोरी यादी तयार करतो. हार्ड डिस्कवरचा जुना मजकूर जागच्या जागी राहतो. विंडोज एक्सपीपर्यंत तर पूर्ण फॉरमॅटही जास्तीचं काम म्हणून फक्त खराब सेक्टर शोधायचा. पूर्ण फॉरमॅट करताना सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिण्याची सोय विंडोज व्हिस्टापासून आली. त्यामुळे फॉरमॅटच्या खिडकीतली ‘क्विक’पुढची बरोबरची खूण काढायची की ठेवायची, हा छोटासा निर्णय फार मोठा फरक करतो.

३. १२९ डिस्क, नीट पुसलेल्या १२

एमआयटीमधले सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि व्यवस्थित पुसलेल्या फक्त १२. उरलेल्यांतून ५ हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय माहिती आणि खासगी ईमेल बाहेर आले. एक डिस्क तर चक्क अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एटीएमची होती आणि तिच्यात ग्राहकांचे खाते क्रमांक आणि शिल्लक रकमा होत्या. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जुन्या डिस्कच्या बाजाराकडे संगणकजगाचं पहिल्यांदा गांभीर्यानं लक्ष गेलं.

४. इबेवर क्षेपणास्त्राची माहिती

ब्रिटनमधली बीटी कंपनी आणि वेल्समधलं ग्लॅमॉर्गन विद्यापीठ यांनी इतर विद्यापीठांच्या साथीनं पाच देशांतून ३०० हून अधिक जुन्या डिस्क गोळा केल्या. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा खळबळ उडाली. इबेवरून घेतलेल्या एका डिस्कमध्ये ‘थाड’ या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या चाचण्यांचे तपशील होते! ज्या माहितीभोवती एरवी सशस्त्र पहारा असतो, ती जुन्या सामानाच्या लिलावात सहज मिळाली.

५. ३५ वेळा पुसण्याची दंतकथा

‘खरं पुसायचं तर ३५ वेळा लिहावं लागतं’ हे अजूनही ऐकू येतं. त्याचं मूळ न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात आहे. त्या काळी वेगवेगळ्या डिस्क वेगवेगळ्या पद्धतींनी माहिती साठवायच्या. गुटमन यांनी त्या सगळ्या पद्धतींना पुरून उरतील असे ३५ नमुने दिले होते. कुठल्याही एका डिस्कवर सगळे ३५ चालवावेत, असं त्यांना म्हणायचंच नव्हतं आणि पुढे त्यांनी ते स्पष्टही केलं. आजच्या हार्ड डिस्कवर एकदा नीट सगळीकडे लिहिलं तरी सर्वसाधारण वापरासाठी पुरतं.

हिशोब करून पाहा. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगानं एकदा पूर्ण भरायला साधारण साडेसात तास लागतात. तेच ३५ वेळा करायचं तर जवळजवळ ११ दिवस! तेवढ्या वेळात ३५ वेगवेगळ्या डिस्क एकेकदा पुसून होतात.

६. अंतराळातून पडली, तरी माहिती शाबूत

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान पृथ्वीवर परतताना भंगलं. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर त्यात गेले. यानावरच्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क काही महिन्यांनी टेक्सासमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्यात सापडली. बाहेरून ती जळून वितळलेली होती. डेटा रिकव्हरी करणाऱ्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी आतल्या तबकड्या साफ करून नव्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्धही झाले.

विज्ञानासाठी ही मोलाची गोष्ट ठरली. आपण मात्र त्यातून एक धडा घ्यायचा. डिस्क पाण्यात बुडवणं, जाळणं, हातोडीचे दोन घाव घालणं म्हणजे माहिती पुसणं नव्हे.

७. एसएसडीचा कारभार वेगळा

हार्ड डिस्कवर एखाद्या जागी नवं लिहिलं की तिथलं जुनं जातं. एसएसडीमध्ये तसं होत नाही. तिच्यातल्या चिपची प्रत्येक जागा ठरावीक वेळाच लिहिता येते, म्हणून आतला कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी वाटत राहतो. तुम्ही म्हणता ‘याच फाइलवर शून्यं लिही’ आणि तो ती शून्यं भलत्याच जागी लिहितो. जुनी प्रत मागे तशीच राहते. शिवाय काही जागा कंट्रोलर स्वतःसाठी राखून ठेवतो. २४० जीबी लिहिलेल्या एसएसडीच्या आत बहुधा २५६ जीबीच्या चिप असतात. ती वरची जागा तुमच्या संगणकाला दिसतच नाही, मग तो पुसणार कशी?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे प्रयोगानं दाखवून दिलं. एकेकटी फाइल पुसण्याचे जे उपाय हार्ड डिस्कवर चालतात, ते सगळे एसएसडीवर फसले. काही एसएसडींमधली कंपनीनं दिलेली पुसण्याची आज्ञाही नीट चालत नव्हती. एका एसएसडीनं ‘काम फत्ते’ असं कळवलं आणि आतली सगळी माहिती जशीच्या तशी निघाली. तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नये, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

म्हणून एसएसडी पुसायची तर तिच्या आतच बसवलेली ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइज’ ही आज्ञा वापरावी. बहुतेक कंपन्या त्यासाठी आपलं मोफत सॉफ्टवेअर देतात, आणि कित्येक लॅपटॉपच्या बायोसमध्येही ही सोय असते.

८. किल्ली नष्ट, काम तमाम

सगळ्यात वेगवान पद्धतीत माहितीला हातच लावावा लागत नाही. डिस्कवरचा सगळा मजकूर पहिल्या दिवसापासून कूटबद्ध करून ठेवायचा. पुसायची वेळ आली की कूट उलगडणारी छोटीशी किल्ली तेवढी नष्ट करायची. मागे उरतो तो अर्थहीन आकड्यांचा ढीग. आयफोनमध्ये २००९ च्या ३जीएस मॉडेलपासून ही सोय आहे. म्हणूनच कित्येक जीबीचा फोन ‘इरेज ऑल कंटेंट’ म्हटल्यावर क्षणात रिकामा होतो. आजचे अँड्रॉइड फोनही मजकूर कूटबद्ध करूनच ठेवतात.

विंडोजमधलं बिटलॉकर आणि मॅकमधलं फाइलव्हॉल्ट हेच काम करतं. अट एकच: ते पहिल्यापासून सुरू असायला हवं. लॅपटॉप घेतल्याच्या दिवशीच ते सुरू करा आणि रिकव्हरी की जपून ठेवा. पाच वर्षांनी लॅपटॉप विकताना निम्मं काम आधीच झालेलं असेल.

९. चुंबकाचा दणका, आणि दोन मिलिमीटरचा चुरा

मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती हार्ड डिस्कसाठी ‘डीगॉसर’ वापरतात. हे यंत्र प्रचंड चुंबकीय दणका देतं. त्यात मजकूर जातोच, पण डिस्कला आपला ट्रॅक शोधून देणाऱ्या कारखान्यातल्या खुणाही जातात, म्हणून ती डिस्क पुन्हा कधीच चालत नाही. एसएसडीवर या यंत्राचा काहीही उपयोग नाही, कारण तिच्यात माहिती चुंबकावर नसून विद्युतभाराच्या रूपात असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुप्त माहितीच्या एसएसडीबाबतची अपेक्षा अशी की तिचा चुरा करावा आणि चुऱ्याचा कण २ मिलिमीटरपेक्षा मोठा नसावा. आजच्या चिपच्या नखाएवढ्या तुकड्यावरही हजारो कागदपत्रं मावतात, म्हणून हा आग्रह.

१०. लंडनच्या तळघरात चाललेली कटाई

२० जुलै २०१३ रोजी ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राच्या तळघरात संपादकीय सहकारी ग्राइंडर आणि ड्रिल घेऊन संगणक कापत होते, आणि जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेचे तंत्रज्ञ शेजारी उभं राहून पाहत होते. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचे माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन यांनी दिलेली गुप्त कागदपत्रं त्या डिस्कवर होती. लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की त्याच कागदपत्रांच्या प्रती देशाबाहेरही होत्या, आणि बातम्या पुढेही येत राहिल्या. एक प्रत चुरा करून बाकीच्या प्रती राहिल्या, तर पुसण्याला अर्थ उरत नाही. तुमच्याही बाबतीत हेच लागू आहे: जुना बाह्य ड्राइव्ह, कपाटातला पेनड्राइव्ह, आधीच्या फोनचं मेमरी कार्ड.

११. झेरॉक्स मशीनला सगळं आठवतं

ऑफिसातल्या मोठ्या डिजिटल कॉपी मशीनमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते. कॉपी, स्कॅन, प्रिंट केलेल्या कागदांची प्रतिमा तिच्यात उतरते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीनं न्यू जर्सीतल्या एका गोदामातून अशी चार जुनी मशीन विकत घेतली. आतून काय निघालं? बफेलो शहराच्या पोलिसांकडच्या लैंगिक गुन्ह्यांच्या आणि अमली पदार्थांच्या तपासाची कागदपत्रं, आणि अॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेच्या सभासदांची वैद्यकीय माहिती. भाड्याची मशीन परत करताना कुणी डिस्क पुसलीच नव्हती. सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांची माहिती धोक्यात आली आणि २०१३ मध्ये त्या संस्थेला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली.

तीच गोष्ट सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची. त्यातही हार्ड डिस्कच असते. सोसायटीनं कॅमेरे बदलले आणि जुना डीव्हीआर भंगारात गेला, तर कोण किती वाजता घराबाहेर पडतं याचं चित्रण त्याच्यासोबत जातं.

१२. राउटर: छोटा डबा, मोठी गुपितं

ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीनं कंपन्यांनी टाकून दिलेले १८ राउटर जुन्या बाजारातून घेतले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. तपासता आलेल्या १६ पैकी ९ राउटरमध्ये आधीच्या मालकाची संपूर्ण मांडणी होती: कंपनीचं नाव, ग्राहकांचे तपशील, दुसऱ्या कार्यालयांशी जोडणाऱ्या व्हीपीएनच्या किल्ल्या, कोणत्या यंत्रणा कुठे आहेत त्याचा नकाशा. चोराला घराचा आराखडा आणि कुलपाची किल्ली एकत्रच मिळावी, असा तो ऐवज.

नेटवर्कवाल्यांची एक नेहमीची चूक जवळून पाहण्यासारखी आहे. सिस्कोच्या स्विचवर ‘राइट इरेज’ ही आज्ञा दिली की मुख्य मांडणी पुसली जाते. पण स्विचमधल्या व्हीलॅनची, म्हणजे नेटवर्कच्या वेगवेगळ्या विभागांची, यादी फ्लॅश मेमरीत ‘व्हीलॅन डॉट डॅट’ नावाच्या वेगळ्या फाइलीत असते. ती वेगळी डिलीट केली नाही, तर स्विच पुन्हा सुरू झाल्यावर ‘अकाउंट्स’, ‘एचआर’, ‘सीसीटीव्ही’ अशी विभागांची नावं तशीच्या तशी दिसतात. सिस्कोच्या मांडणीतला ‘टाइप ७’ पासवर्ड तर लपवल्यासारखा दिसतो, पण क्षणात उलगडतो. म्हणून आज्ञा दिली, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि आत जाऊन स्वतः पाहिलं, असे तीन टप्पे पूर्ण झाल्याशिवाय स्विच बाहेर जाऊ देऊ नये.

घरच्या वायफाय राउटरला मागच्या बाजूला बारीक भोक असतं. पिननं आतलं बटण दिवे लुकलुकेपर्यंत, साधारण १० सेकंद दाबून धरा. तुमचं वायफायचं नाव, पासवर्ड आणि इंटरनेट कंपनीचं लॉगिन त्यातून निघून जातं.

१३. सामान हलवणाऱ्यांकडे दिल्या डिस्क, दंड साडेनऊ कोटी डॉलर

मॉर्गन स्टॅनली ही जगातली नावाजलेली वित्तसंस्था. डेटा सेंटर बंद करताना तिनं डिस्कची विल्हेवाट लावण्याचं काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं. माहिती नष्ट करण्याचा त्या कंपनीला काहीच अनुभव नव्हता. डिस्क पुढे विकल्या गेल्या आणि काही ऑनलाइन लिलावात पोचल्या. ओक्लाहोमातल्या एका संगणक सल्लागारानं त्या विकत घेतल्या, आत ग्राहकांची माहिती पाहिली आणि त्यानंच कंपनीला कळवलं. दुसऱ्या एका प्रकरणात ४२ सर्व्हरचा ठावठिकाणाच लागेना. त्या यंत्रांत मजकूर कूटबद्ध करण्याची सोय होती, पण कित्येक वर्षं ती कुणी सुरूच केली नव्हती. २०२० मध्ये एका नियामकानं ६ कोटी आणि २०२२ मध्ये दुसऱ्यानं ३.५ कोटी डॉलर दंड केला. प्रश्न सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा होता.

१४. ‘फुकट पुसून देतो’ महागात पडलं

ब्रिटनमध्ये एनएचएस सरे या आरोग्य संस्थेनं जुने संगणक एका कंपनीला दिले. कंपनी डिस्क मोफत नष्ट करणार होती, त्या बदल्यात उरलेले भाग विकायची तिला मुभा होती. प्रत्यक्षात डिस्कसह संगणक ऑनलाइन विकले गेले आणि एकावर सुमारे ३ हजार रुग्णांच्या नोंदी सापडल्या. २०१३ मध्ये संस्थेला २ लाख पौंड दंड झाला. दंड संस्थेलाच झाला, कारण रुग्णांनी माहिती ज्याच्याकडे विश्वासानं दिली, जबाबदारी त्याचीच राहते.

१५. आपला कायदा काय सांगतो

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की, दुसऱ्या कायद्यानुसार ठेवणं भाग नसेल तर, ती पुसावी असं तो सांगतो. माहिती सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. दवाखाना, क्लास, सीएचं ऑफिस, पतसंस्था: लोकांची कागदपत्रं संगणकावर ठेवणाऱ्या प्रत्येकानं हा आकडा लक्षात ठेवावा.

१६. पुसण्याआधी एकदा थांबा

वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरातल्या एका माणसाची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यावर सुमारे ८ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचराभूमी खोदायला मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षं झगडला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं त्याचा दावा फेटाळला. म्हणून पहिलं पाऊल बॅकअपचं. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेतला, त्यातल्या चार फायली उघडून पाहिल्या, की मगच पुढे.

विकण्याआधीची सात कामं

एक: बॅकअप घ्या आणि तो उघडतो का ते पाहा.

दोन: ईमेल, क्लाउड आणि बँकेच्या खात्यांतून साइन आउट व्हा. फोनमधलं मेमरी कार्ड आणि सिम काढून घ्या.

तीन: हार्ड डिस्क असेल तर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, किंवा ‘एनवाइप’सारखं मोफत साधन वापरून पूर्ण डिस्कवर एकदा लिहा.

चार: एसएसडी असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली किंवा बायोसमधली ‘सिक्युअर इरेज’ वापरा.

पाच: तपासा. एखादं मोफत रिकव्हरी सॉफ्टवेअर त्या डिस्कवर चालवा. जुन्या फायलींची नावं दिसली, तर काम झालेलं नाही. हार्ड डिस्क असेल तर ती डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडा; ओळीमागून ओळ फक्त शून्यं दिसली, की समजा ती कोरी झाली.

सहा: डिस्क बिघडलेली असल्यामुळे पुसताच येत नसेल, तर ती बाहेर काढून ठेवा आणि संगणक तिच्याशिवाय विका. नष्ट करायची असेल तर हे काम करणाऱ्या नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या आणि प्रमाणपत्र मागा. त्यावर डिस्कचा सीरियल नंबर असायला हवा.

सात: राउटर, प्रिंटर, डीव्हीआर, स्मार्ट टीव्ही विसरू नका. बहुतेकांत ‘फॅक्टरी रीसेट’ असतो.

नीट पुसलेली डिस्क बिनधोक विकता येते, गावच्या शाळेला देता येते, होतकरू विद्यार्थ्याच्या कामी येते. भीतीपोटी चालू डिस्क फोडणं म्हणजे चांगल्या वस्तूचा कचरा करणं, आणि न पुसता देणं म्हणजे घरच्यांची गुपितं वाटणं. दोन्ही टाळता येतं. या रविवारी माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली काढा आणि पहिल्या कामापासून सुरुवात करा.